तर्क बाजूला ठेवून पाहिलेला ‘जय भीम’

२०२२ सालच्या भीमजयंतीच्या सप्ताहात आमच्या वस्तीतील बुद्धविहारात ‘जय भीम’ हा चित्रपट दाखवण्यात आला. कोरोनामुळे आधीची दोन वर्षे जयंती घरातल्या घरात, उंबऱ्यावर मेणबत्त्या लावून साजरी झाली होती. त्यामुळे त्या वर्षी पोरांच्या उत्साहाला नुसते उधाण आले होते. कुणी प्रोजेक्टर आणला, कुणी डीजेवाल्याकडून स्पीकर आणले, भिंतीवर पांढरी चादर ताणली आणि रात्री नऊ वाजता, बायकांचा स्वयंपाक-जेवणे उरकल्यावर, चित्रपट सुरू झाला. (अशा जाहीर प्रदर्शनाला परवानगी लागते की नाही, हा प्रश्न आम्ही वकील असूनही त्या रात्री कोणाला विचारला नाही, हे येथे कबूल करून टाकतो.)

आम्ही आमच्या ज्युनियरसोबत मागच्या भिंतीला टेकून बसलो होतो. वीस-बावीस वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेला माणूस कोर्टाचा चित्रपट पाहायला बसला, की त्याचा डोळा चुका शोधू लागतो. गवंडी दुसऱ्याच्या घरी जेवायला गेला तरी भिंतीचा ओळंबा बघतो, तसेच हे. अर्ध्या तासात आमची कुजबुज सुरू झाली. उच्च न्यायालयात असा उलटतपास कधी चालतो का? इतक्या लवकर तारीख कुठे मिळते? वकीलच गावोगाव फिरून साक्षीदार गोळा करायला लागला, तर उद्या त्यालाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागेल! ज्युनियर मान डोलवत होता. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका मावशीने मान वळवली. नगरपालिकेत झाडूकाम करणारी ही बाई एरवी आम्हाला पाहिले की पदर सावरून “जय भीम, साहेब” म्हणते. त्या रात्री मात्र ती म्हणाली, “वकीलसाहेब, तुमचं कोर्ट उद्या हाय. आता गप बसा अन् आमाला पिक्चर बघू द्या.”

आम्ही गप्प बसलो. चित्रपट संपला तेव्हा रात्रीचे बारा वाजायला आले होते आणि आमचेही डोळे ओले होते. ज्या चित्रपटात आम्ही पहिल्या अर्ध्या तासात पाच चुका मोजल्या, त्याच चित्रपटाने आम्हाला रडवले कसे? हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मागे लागला आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टी. जे. ज्ञानवेल यांनी दिग्दर्शित केलेला हा तामिळ चित्रपट २ नोव्हेंबर २०२१ रोजी प्रदर्शित झाला. काळ १९९५ चा. साप-उंदीर पकडून आणि मजुरी करून जगणाऱ्या इरुळर जमातीतील राजाकन्नू हा तरुण गावातल्या बड्या घरात निघालेला साप पकडायला जातो. पुढे त्याच घरात दागिन्यांची चोरी होते आणि आळ याच्यावर येतो. पोलीस त्याला आणि त्याच्या नातेवाइकांना उचलतात, कोठडीत अमानुष मारहाण करतात आणि एके दिवशी जाहीर करतात की तिघेही कोठडीतून पळून गेले. गरोदर असलेली त्याची पत्नी सेंगेनी नवऱ्याचा शोध घेत मद्रासला चंद्रू नावाच्या वकिलाकडे पोहोचते. चंद्रू उच्च न्यायालयात देहोपस्थितीची, म्हणजे ज्याला आपण हेबियस कॉर्पस म्हणतो ती, याचिका दाखल करतो. माणूस तुमच्या ताब्यात होता ना? मग तो कोर्टासमोर हजर करा! एवढीच ती मागणी.

चित्रपटाचे पहिलेच दृश्य आठवा. तुरुंगातून सुटणाऱ्या कैद्यांना दारात जात विचारली जाते. वरच्या जातीचा असेल तर घरी जा. खालच्या जातीजमातीचा असेल तर बाजूला उभा राहा. न उलगडलेले गुन्हे लावायला पोलिसांच्या गाड्या बाहेर तयारच असतात. या दृश्यात कोणताही शहाणा माणूस तर्काची चूक काढू शकतो. इतके उघडपणे, दिवसाढवळ्या, रांग लावून असे करतात का? नाही करत. रांग लावून करत नाहीत. पण आमच्याकडे येणाऱ्या पारधी, वडार, कैकाडी समाजाच्या पक्षकारांना विचारा, की परिसरात घरफोडी झाली की पहिली गाडी कोणाच्या पालावर येते. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, सोलापूरच्या सेटलमेंटची तारेची कुंपणे निघाली, पण ठाण्याच्या हवालदाराच्या डोक्यातले कुंपण निघाले का? दिग्दर्शकाने हजार ठिकाणी, हजार रात्री, चोरून घडणारी गोष्ट एका दारात, एका सकाळी आणून उभी केली. याला चूक म्हणायचे की संक्षेप, हे वाचकांनी ठरवावे.

आता आमच्याच एका फजितीची गोष्ट. उच्च न्यायालयात उलटतपास कुठे चालतो, असे आम्ही मोठ्या तोऱ्यात ज्युनियरला म्हणालो होतो. सर्वसाधारण नियम तोच आहे. रिट याचिकेत कामकाज प्रतिज्ञापत्रांवर चालते; साक्षीपुरावा हे खालच्या कोर्टाचे काम. पण पुढे चित्रपटातला चंद्रू नेमका याच मुद्द्यावर केरळच्या राजन प्रकरणाचा दाखला देतो आणि आम्ही भिंतीला टेकल्या जागी चपापलो! पी. राजन हा कालिकतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा विद्यार्थी. आणीबाणीत, १९७६ च्या मार्चमध्ये, पोलिसांनी त्याला उचलले आणि तो पुन्हा कोणाला दिसला नाही. आणीबाणी उठल्यावर त्याचे वडील ईचर वारियर यांनी केरळ उच्च न्यायालयात देहोपस्थितीची याचिका केली आणि त्या न्यायालयाने साक्षीदार तपासले. त्या निकालाच्या धक्क्याने १९७७ साली मुख्यमंत्री के. करुणाकरन यांना खुर्ची सोडावी लागली. म्हणजे ज्याला आम्ही चित्रपटाची थाप समजत होतो तो कायद्याचा इतिहास होता, आणि अज्ञान आमचे होते. तेव्हापासून चित्रपटातल्या चुका काढताना आम्ही आधी पुस्तक उघडून पाहतो.

पण सगळ्याच चुका अशा धुऊन निघत नाहीत. वेळेचीच गोष्ट घ्या. चित्रपटाची लांबी २ तास ४४ मिनिटे. यात नवरा हरवतो, याचिका दाखल होते, साक्षी होतात, पोलीस उघडे पडतात आणि न्याय मिळतो. पडद्यावर सेंगेनीचे मूल जेमतेम जन्माला आलेले असते. ज्या खऱ्या घटनेवर हा चित्रपट बेतला आहे ती १९९३ सालची, तामिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यातली. त्यात पोलिसांना शिक्षा ठोठावणारा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आला २००६ मध्ये. तेरा वर्षे! तेरा वर्षांत वकील म्हातारा होतो, साक्षीदार मरतात, फिर्यादीच्या पोरीचे लग्न होऊन जाते. या तेरा वर्षांचे काय झाले, हे चित्रपट सांगत नाही. सांगू शकला असता का? तेरा वर्षे तारखा घेणारी बाई पडद्यावर दाखवली तर कोण बघेल?

याचे उत्तर आम्हाला ठाऊक आहे, कारण आम्ही तो प्रयोगही करून पाहिला आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा मराठी चित्रपट. २०१५ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. गटारात उतरणाऱ्या एका कामगाराच्या मृत्यूनंतर, त्याला आत्महत्येस प्रवृत्त करणारे गाणे गायले या आरोपाखाली नारायण कांबळे या वृद्ध शाहिरावर खटला चालतो. ही भूमिका केली होती आपल्या नागपूरच्या वीरा साथीदार यांनी. चळवळीचा हा खरा कार्यकर्ता एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने आपल्यातून गेला. ‘कोर्ट’मध्ये तर्काची एकही चूक आम्हाला सापडली नाही. तोच कंटाळलेला न्यायाधीश, तीच घाईघाईने कलमे वाचून दाखवणारी सरकारी वकील, तोच पंखा, तीच पुढची तारीख. आम्ही वकील मंडळींनी तो डोक्यावर घेतला. मग मोठ्या हौसेने विहारात लावला. पाऊण तासात निम्मी सतरंजी रिकामी झाली. एका भगिनीने जाताना सांगितले, “साहेब, हे तर आम्ही दर महिन्याला कोर्टात बघतोच की.”

त्या भगिनीचे म्हणणे आम्ही बरेच दिवस अडाणीपणात जमा केले होते. आता तसे वाटत नाही. ज्याला कोर्ट माहीत नाही, त्याला ते जसे आहे तसे दाखवण्यात मोठे मोल आहे. आमच्या माणसांना कोर्ट माहीत आहे. त्यांना जे माहीत नाही ते हे, की कोर्टात आपला माणूस जिंकतो तेव्हा कसे वाटते. ‘जय भीम’ने ते अडीच-पावणेतीन तास दिले.

येथे चळवळीतला एखादा जाणता वाचक आम्हाला अडवेल, आणि त्याने अडवायलाच हवे. तो म्हणेल, वकीलसाहेब, आपण बुद्धाचे अनुयायी. कोणी सांगितले म्हणून, ग्रंथात लिहिले म्हणून मानू नका, असे सांगणारा आपला शास्ता. दुसऱ्यांच्या पुराणातल्या चमत्कारांना आपण हसतो. मग पडद्यावरच्या चंद्रूच्या चमत्काराला टाळ्या कशा वाजवता? आणि पंचवीस नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातील भक्तीविषयी, विभूतिपूजेविषयी जो इशारा दिला, तो चंद्रूला लागू नाही का?

लागू आहे. या चित्रपटाची आमच्या मते हीच खरी उणीव आहे, आणि ती तारखांच्या घाईपेक्षा कितीतरी मोठी आहे. एक वकील येतो आणि सगळे करतो. तोच शोधतो, तोच बोलतो, तोच जिंकतो. बायकांना अक्षरे शिकवणारी शिक्षिका मैत्रा आहे, लाल झेंडेवाले कार्यकर्ते आहेत, पण ते त्याच्या मागे मागे चालतात. जमातीची माणसे मार खातात, रडतात आणि वाट पाहतात. त्यांची संघटना, त्यांची पंचायत, त्यांचा राग कुठे आहे? खऱ्या घटनेतील कुटुंब कुरवर समाजाचे होते, चित्रपटात ते इरुळर झाले. या बदलाबद्दलही तामिळनाडूत नाराजी व्यक्त झाली. अत्याचार करणारे पोलीस इतके क्रूर रंगवले आहेत, की ही दोन-तीन माणसे तुरुंगात गेली म्हणजे प्रश्न मिटला असे भोळ्या प्रेक्षकाला वाटावे. आणि ज्या घोषणेचे नाव चित्रपटाने घेतले, ती घोषणा आख्ख्या चित्रपटात कोणाच्याही तोंडी येत नाही! कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांच्या नावाशी जोडले गेलेले हे आपले अभिवादन तिकडे केवळ शीर्षक होऊन आले. बाबासाहेबांची तसबीर आहे. शाळेत नेत्यांच्या वेशात आलेल्या मुलांमध्ये आंबेडकर का नाहीत, असे चंद्रू विचारतो. शेवटी पडद्यावर एका मराठी कवितेचा अनुवाद येतो. पण कोणी कोणाला हात जोडून ‘जय भीम’ म्हणत नाही.

हे सगळे मान्य करूनही आम्ही टाळ्या वाजवल्या, कारण पुराणातला चमत्कार आणि हा चमत्कार यांच्यात आम्हाला एक फरक दिसतो. पुराणात देव येतो आणि संकट टळते. भक्ताने करायचे काही उरत नाही. चंद्रूच्या हातात जे शस्त्र आहे ते कोणत्याही सेंगेनीला मिळू शकते. राज्यघटनेचे २२ वे कलम सांगते, की अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे केले पाहिजे. २२६ वे कलम उच्च न्यायालयाला रिट काढण्याचा अधिकार देते. ३२ वे सर्वोच्च न्यायालयाला. आणि त्या कलमाला बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत घटनेचा प्राण मानले होते. कोठडीत माणूस मेला तर राज्याने भरपाई द्यावी, हे नीलाबती बेहरा खटल्यात १९९३ साली ठरले. त्या मातेला सर्वोच्च न्यायालयाने दीड लाख रुपये देवविले. अटक करताना पोलिसांनी काय काय पाळावे, याचे नियम डी. के. बसू खटल्यात डिसेंबर १९९६ मध्ये आले. यातले काहीही आकाशातून पडलेले नाही. चंद्रूसुद्धा नाही. के. चंद्रू नावाचा हाडामांसाचा वकील मद्रासमध्ये होता, मानवी हक्कांच्या खटल्यात तो गरिबाकडून फी घेत नसे, पुढे तो २००६ ते २०१३ मद्रास उच्च न्यायालयात न्यायाधीश झाला आणि वकिलांनी आपल्याला ‘माय लॉर्ड’ म्हणू नये असे त्याने सांगितले.

आणि विहारात सर्वांत मोठ्या टाळ्या चंद्रूला पडल्याच नाहीत. त्या पडल्या एका मुक्या दृश्याला. सेंगेनीला ठाण्यात नेलेले असते. वरून हुकूम येतो आणि तेच पोलीस तिला जीपमधून घरी सोडायला निघतात. ती जीपमध्ये बसत नाही. पोट सांभाळत रस्त्याने चालू लागते आणि पोलिसांची जीप तिच्या मागून, तिच्या पावलाच्या वेगाने, रांगत येते. तर्काने पाहिले तर दमलेल्या गरोदर बाईने गाडीत बसावे. पण आमच्या सतरंजीवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या होत्या. गाडगे-मडके गळ्यात बांधून ज्यांच्या पूर्वजांना रस्त्याच्या कडेने चालावे लागले, त्यांना भर रस्त्यातून चालणारी बाई आणि तिच्यामागून रांगणारी सरकारी गाडी कशी दिसली असेल, हे कोणा समीक्षकाने समजावून सांगण्याची गरज नव्हती.

पुढे डिसेंबर २०२४ मध्ये परभणी घडले. १० तारखेला बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, उद्रेक झाला, धरपकड झाली. सोमनाथ सूर्यवंशी हा वडार समाजातला, कायद्याचे शिक्षण घेणारा तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. त्याच्या मातेने उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात दाद मागितली. अ‍ॅड. प्रकाश आंबेडकर तिच्या बाजूने उभे राहिले. गुन्हा नोंदवा, एवढा आदेश मिळायला जुलै २०२५ उजाडले. शासन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथे ते टिकले नाही. सात महिने गेले, तेही फक्त गुन्हा नोंदवण्याचा हुकूम मिळायला. त्या दिवसांत वस्तीतली पोरे मोबाईलवर पुन्हा ‘जय भीम’ पाहत होती. आम्ही यावेळी कोणाला चुका दाखवल्या नाहीत.

आता त्या मावशीचे सांगतो. चित्रपट पाहिल्यानंतर तीन-चार महिन्यांनी, ऐन पावसात, रात्री दहा वाजता ती आमच्या दारात उभी राहिली. तिच्या भाच्याला मोटारसायकल चोरीच्या संशयावरून उचलून तीन दिवस झाले होते. ठाण्यात गेले की सांगत, इथे कोणी नाही. मावशी ओल्या पदराने तोंड पुसत म्हणाली, “साहेब, त्या पिक्चरमधल्या बाईनं जो अर्ज केला, तो आपल्या इकडं चालतो का?”

चालतो, म्हणालो. रात्री दोनपर्यंत बसून आम्ही देहोपस्थितीच्या याचिकेचा मसुदा केला. मावशीने प्रतिज्ञापत्रावर सही केली. अंगठा नव्हे, सही. सकाळी ठाण्यात कोणाच्या तरी कानावर हायकोर्टाचे नाव गेले असावे. दुपारी पोरगा दंडाधिकाऱ्यासमोर हजर झाला, आणि कागदावर अटकेची तारीख होती त्याच दिवसाची! मधले तीन दिवस कागदावरून पुसले गेले होते. याचिका दाखल करण्याचे कारणच उरले नाही. पोरगा तीन आठवड्यांनी जामिनावर सुटला.

त्या तीन दिवसांचा जाब विचारणारी तक्रार आम्ही दाखल केली आहे. प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवा, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्येच सांगितले होते, म्हणून आम्ही चित्रण मागितले. उत्तर आले, त्या काळात कॅमेरा नादुरुस्त होता. पुढची तारीख, मग त्याच्या पुढची. मावशी एकही तारीख चुकवत नाही. झाडूकामाची पहिली पाळी करून, डबा बांधून येते आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसते.

गेल्या तारखेला साहेब रजेवर होते. बाहेर पडताना मावशी म्हणाली, “पिक्चरमधी लवकर झालं हुतं.”

आम्ही तिला खरे काय ते सांगितले. त्या तामिळनाडूच्या खऱ्या खटल्याला तेरा वर्षे लागली, असे म्हणालो. मावशी थांबली, बोटांवर काहीतरी मोजले आणि म्हणाली, “मग आपली तर तीनच झाली की. पुढची तारीख लिवून द्या.”